उत्क्रांती शिकायचीय? सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात एका कॉलेजात मी झूलॉजी शिकवते, सीएचबीवर, म्हणजे तासाचे पैसे आणि मे महिन्यात ठणठणाट. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की तेच प्रश्न येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर, पार्क चौकात भाजी घेताना, एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढता वाढता विचारलं एकीनं. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते.

उत्क्रांतीची डिग्री सोलापुरात मिळते का?

नाही. "उत्क्रांती" अशी पाटी लावलेली बीएस्सी आपल्याकडे नाही. झूलॉजी, बॉटनी, मायक्रो, बायोटेक यातलं काहीतरी घ्यायचं आणि त्यातून तिकडं वळायचं. सिलॅबसमध्ये उत्क्रांती कुठंतरी कोपऱ्यात असते, लामार्क, डार्विन, जिराफाची मान, घोड्याचे खूर, आणि परीक्षा जवळ आली की "मॅडम इम्पॉर्टंट काय तेवढं सांगा". माझं म्हणणं असं की हे उलटं पाहिजे, आधी उत्क्रांती आणि मग बाकीचं. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे, पक्ष्याला चार, आपल्याला चार, हे पोरं पाठ करतात, पण पक्ष्यांचे चार आणि आपले चार हे दोन वेगळ्या घराण्यांत वेगवेगळे तयार झाले हे कुणी सांगत नाही, आणि खरी गंमत तर तिथंच आहे.

नीटमध्ये काही झालं नाही, मग आता हे घेऊ का?

माझ्या वर्गातली निम्मी पोरं तशीच आलेली असतात, त्यात लाज वाटायचं काही नाही. फक्त एक बघा. नीटचं बायो म्हणजे पाठांतर, एका ओळीत उत्तर. उत्क्रांतीत प्रश्न येतो तो असा: मोराचा पिसारा त्याला पळताना अडचणच करतो, तरी तो टिकला कसा? असल्या प्रश्नावर तुम्हाला रात्री जेवताना विचार करावासा वाटत असेल तर या. नसेल वाटत तर बीएस्सी अ‍ॅग्री, नर्सिंग, फार्मसी सगळं चांगलं आहे, उगाच इकडं येऊन तीन वर्षं जांभया देऊ नका.

आयसर म्हणजे काय, तिथं जायला काय लागतं?

आयसर म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्था. बारावीनंतर थेट संशोधनाकडं जायचं असेल तर हा चांगला रस्ता आहे. पाच वर्षांचा बीएस-एमएस, म्हणजे पदवी आणि मास्टर्स एकत्रच, प्रवेश आयएटी नावाच्या परीक्षेतून. पुण्याचं आयसर २००६ मध्ये सुरू झालं, तिथं फळमाश्या आणि बॅक्टेरियांवर उत्क्रांतीचे प्रयोग चालतात, म्हणजे पिढ्यानपिढ्या माश्या वाढवून त्या बदलतात कशा ते बघायचं. बेंगळुरूत आयआयएस्सीचं सेंटर फॉर इकॉलॉजिकल सायन्सेस आहे, एनसीबीएस आहे, जेएनसीएएसआर आहे, सगळ्या संशोधन संस्था. हैदराबादला सीसीएमबी, आणि हैदराबाद तर आपल्याला शेजारच्या गल्लीसारखं, निम्म्या सोलापूरचे पाहुणे तिकडंच. पण आयसर हुकलं म्हणून सगळं संपलं असं अजिबात नाही, इथून बीएस्सी करून पुढं जाता येतं, त्याचं खाली सांगते.

अकरावीत गणित सोडलंय. चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर कुणाला आवडत नाही. प्रवेशाला चालेल. विषयाला नाही चालणार. उत्क्रांती म्हणजे शेवटी हिशोब आहे, कुठल्या जीनच्या, म्हणजे जनुकाच्या, किती कॉप्या पुढच्या पिढीत गेल्या याचा. घाबरू नका, सुरुवातीला सातवी-आठवीचंच गणित पुरतं. एक उदाहरण करून दाखवते.

समजा एक आनुवंशिक आजार आहे, आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही बिघडलेले जीन मिळाले तरच होतो. दर १०,००० मुलांमागे १ मूल आजारी. आता सांगा, आजार नाही पण एक बिघडलेला जीन घेऊन फिरणारे वाहक किती असतील? वर्गात विचारलं की उत्तरं येतात पाच, दहा, फार तर वीस. आता हिशोब बघा. बिघडलेल्या जीनचं प्रमाण क्यू धरलं तर आजारी मुलं म्हणजे क्यू गुणिले क्यू. ते १०,००० त १, म्हणजे क्यू झाला १०० त १. चांगला जीन पी, तो १०० त ९९. वाहक म्हणजे २ गुणिले पी गुणिले क्यू, तो आकडा येतो १०,००० त १९८. आजारी एक आणि वाहक जवळजवळ दोनशे! म्हणजे दर पन्नास माणसांत एक. हा हार्डी-वाइनबर्गचा नियम, १९०८ मध्ये एका इंग्रज गणितज्ञानं आणि एका जर्मन डॉक्टरनं वेगवेगळा मांडलेला. आणि एकदा हे कळलं की "आजारी लोकांना मुलंच होऊ दिली नाहीत तर आजार संपेल" असलं बोलणाऱ्याला गप्प कसं करायचं तेही कळतं, कारण जीनच्या बहुतेक कॉप्या धडधाकट माणसांत लपून बसल्यात.

नंतर स्टॅटिस्टिक्स लागतं, आर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर शिकावं लागतं. मी स्वतः गणिताला भिऊनच बायोला आले होते, एमएस्सीला ते मागनं येऊन मानगुटीवर बसलं. तुम्ही आत्ताच उरकून घ्या.

डार्विन गॅलापागोसला गेला होता. आपल्या सोलापुरात बघण्यासारखं आहे तरी काय?

काय बे हा प्रश्न! पायाखाली बघा आधी. आपलं सगळं सोलापूर ज्या काळ्या दगडावर बसलंय तो दख्खनचा बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला. डायनोसॉर संपले तोच काळ. ते नेमके उल्केनं मेले की या लाव्ह्याचाही त्यात हात होता यावर अजून भांडणं चालू आहेत, आणि त्या भांडणातला एक पुरावा तुमच्या घराच्या जोत्यात बसवलाय. लाव्ह्यात जीवाश्म टिकत नाहीत, पण दोन थरांच्या मधे कधीकधी तळ्याचा गाळ अडकलेला असतो, तिथं सापडतात. मुंबईत वरळीच्या टेकडीत असेच बेडकांचे जीवाश्म मिळाले होते.

मग माळ. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, आपण शाळेच्या सहलीला जातो, दुर्बिणीतून काळवीट बघतो आणि डबा खाऊन परत येतो. माळढोक पक्षी आता तिथं दिसला तर नशीब. का संपला ते सगळ्यांना माहितीय, शिकार, माळ नांगरले गेले, विजेच्या तारा. पण उत्क्रांतीवाल्यांना त्यापुढची काळजी असते. संख्या फार कमी झाली की कुठला जीन टिकणार हे चांगल्या-वाईटावर ठरत नाही, नशिबावर ठरतं, याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. पिलं घालणारी दहाच जनावरं उरली असं धरा, तर आहे त्या विविधतेतली ५ टक्के दर पिढीला गळते, दहा पिढ्यांनी साधारण ६० टक्केच उरते. भारतभरच्या माळढोकांच्या डीएनएत विविधता फारच कमी असल्याचं संशोधकांना दिसलंयच.

घरी करून बघा. वाटीत दहा लाल चवळ्या आणि दहा पांढऱ्या. डोळे मिटून एक काढा, रंग लिहा, परत टाका, असं वीस वेळा. जो आकडा आला तेवढ्या लाल-पांढऱ्या घेऊन दुसरी वाटी भरा, ती दुसरी पिढी. पुन्हा तेच. बऱ्याचदा काही डझन पिढ्यांत एक रंग गायब होतो, आणि कुणीही त्याचं वाईट केलेलं नसतं. आमच्या गल्लीत एक आडनाव होतं, आता ते एकही घर राहिलं नाही, सगळ्यांना मुलीच झाल्या. तसंच हे.

ज्वारी घ्या. आपण रोज खातो ती मालदांडी, तिचं ते प्रसिद्ध ३५-१ वाण आपल्या मोहोळला स्थानिक ज्वारीतनं निवडून काढलेलं. मुळात ज्वारी आफ्रिकेची, तिथनं इकडं आली, आणि आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या चांगली कणसं बियाण्याला ठेवून ठेवून तिला रब्बीची, काळ्या रानातल्या ओलीवर येणारी केली. डार्विननं आपल्या पुस्तकाची सुरुवात अशाच माणसानं केलेल्या निवडीपासून केली होती, त्याच्याकडं कबुतरं होती, आपल्याकडं मालदांडी आणि खिल्लार बैल.

आणि सरडे! उन्हाळ्यात उघड्या माळावर जा, दगडावर चढून गळ्याचा पंखा फुलवणारा नर दिसेल. काही जातींत तो पंखा निळा, काळा, केशरी असा भडक, काहींत नुसता पांढुरका. या सरड्यांच्या एका गटाला २०१६ मध्ये नवीन नाव मिळालं, ते नाव काय माहितीय? "सरडा". खरंच, आपला मराठी शब्द उचलून जगभरच्या शास्त्राचं नाव केलं, आणि त्यातल्या एका जातीला डार्विनचं नाव दिलं. भडक पंखा घारीलाही दिसतो आणि मादीलाही, मग नरानं काय करावं? मोराचाच प्रश्न, फक्त सोलापूरच्या उन्हात.

शेतकऱ्याच्या पोराला याचा काय उपयोग?

तुमच्याच रानात चालू असतं सगळं. गुलाबी बोंडअळी घ्या. बीटी कापूस, म्हणजे झाडातच अळीचं विष असलेला, तो आला, अळ्या मेल्या, सगळे खूश. पण लाखांत एखादी अळी अशी असतेच की जिला ते विष चालत नाही, बाकीच्या मेल्या की रान तिला मोकळं. म्हणून बांधाकडनं साधा कापूस लावा म्हणून बियाण्याबरोबर वेगळी पुडी यायची, त्याच्यावर साध्या अळ्या जगाव्यात आणि पतंग झाल्यावर त्यांचा या दांडग्यांशी संकर होऊन दांडगेपणा पातळ व्हावा म्हणून. किती जणांनी लावली ती पुडी? २०१० च्या आसपास गुजरातेत बीटीला दाद न देणारी बोंडअळी सापडल्याचं जाहीर झालं, आणि २०१७ ला आपल्या राज्यात विदर्भ-मराठवाड्यात काय झालं ते कापूसवाल्यांना विचारा. अळी "शिकली" असं म्हणतात लोक. अळी काही शिकत नाही हो, न मरणारी मागं उरते एवढंच.

डाळिंबावरच्या तेल्याचंही तेच डोक्यात ठेवा. तो बॅक्टेरियाचा रोग, त्याच्यावर अँटिबायोटिकची फवारणी बरेच जण ऊठसूट करतात. जेवढ्या जास्त वेळा तेच औषध, तेवढी न मरणाऱ्या जिवाणूंची निवड जोरात. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांना विचारून फवारा, शेजाऱ्याला विचारून नको.

माणूस माकडापासून झाला तर आताची माकडं माणूस का होत नाहीत?

गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत एका काकांनी हा विचारला होता आणि मागच्या चार जणांनी माना डोलावल्या. काका, तुम्ही आणि तुमचा चुलतभाऊ एका आजोबांचे. मग चुलतभाऊ अजून तुम्ही का झाला नाही? तो त्याच्या वाटेनं गेला. भावकी म्हणा ना सरळ. माणूस आणि चिंपांझी यांची वाटणी साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी झाली, तेव्हाचा आजोबा ना आजचा चिंपांझी होता ना आजचा माणूस. आणि सातबाऱ्याचा उताराही आहे: चिंपांझीला ४८ क्रोमोसोम, आपल्याला ४६, कारण त्यांच्यातले दोन आपल्यात टोकाला टोक लागून एक झालेत, आपला दुसऱ्या नंबरचा क्रोमोसोम, त्याच्यावर तो जोड अजून दिसतो.

पण ती नुसती थिअरीच आहे ना? आणि म्हणे आता खोटी ठरली?

आपण बोलताना "थिअरी" म्हणजे अंदाज म्हणतो, शास्त्रात तसं नसतं, रोग जंतूंमुळं होतात हीसुद्धा थिअरीच. २०१८ मध्ये एका केंद्रीय मंत्र्यांनी माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही म्हणून डार्विन चूक असं म्हटलं होतं, तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून निवेदन काढलं होतं. पाहायचंच असेल तर अमेरिकेत १९८८ पासून ई. कोलाय बॅक्टेरियाच्या बारा वसाहती रोज नव्या बाटलीत घालून वाढवतायत, हजारो पिढ्या झाल्या, जुन्या पिढ्या फ्रीझरमध्ये ठेवलेल्या, बाहेर काढून नातवाची पणजोबाशी शर्यत लावता येते.

डार्विनचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. आनुवंशिकता कशी चालते ते त्याला कळलंच नव्हतं, आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेलचा पेपर १८६६ चा पण तो तेव्हा कुणी मनावर घेतला नाही. १९६८ मध्ये किमुरा नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं सांगितलं की डीएनएतले बरेचसे बदल ना फायद्याचे ना तोट्याचे, नुसते चवळीच्या वाटीसारखे. यावर अजूनही वाद आहेत. वाद आहेत म्हणून तर शिकायला मजा.

दशावतारात उत्क्रांती आधीच सांगितलीय ना, मत्स्य, कूर्म, वराह?

सुंदर क्रम आहे, मला लहानपणी आजीनं सांगितला तेव्हापासून आवडतो. पण ती पायऱ्यांची शिडी आहे, एक संपला की पुढचा. उत्क्रांती शिडी नाही, वडाचं झाड आहे, मासे माणूस व्हायला थांबलेले नाहीत, उजनीतला चिलापी त्याच्या जागी पूर्ण आहे. पेपरात दशावतार लिहू नका, घरात सांगायला बंदी नाही.

हे शिकल्यावर देव मानता येतो का?

मी सिद्धेश्वराला जाते. वर्गातली काही पोरं जात नाहीत. यावर परीक्षेत प्रश्न येत नाही.

मराठी मीडियमवाल्याला जमेल का?

जमेल, पहिलं वर्ष जड जाईल. स्टेट बोर्डाची पोरं एका बाबतीत पुढं आहेत, दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती, तर एनसीईआरटीनं २०२३ ला दहावीतनं उत्क्रांती काढूनच टाकली. माझी पद्धत सांगते: संकल्पना मराठीत कुणाला तरी समजावून सांगायची, घरी बहीण असेल तर तिला पकडा, मग तीच इंग्रजीत लिहायची. नैसर्गिक निवड म्हणा नाहीतर नॅचरल सिलेक्शन, "जो बलवान तो जगतो" असं मात्र लिहू नका कुठल्याच भाषेत, बलवान नाही, ज्याची पोरंबाळं पुढं टिकली तो. स्वयम-एनपीटीईएल या सरकारी वेबसाइटवर उत्क्रांतीचा इंग्रजी कोर्स फुकट आहे, सबटायटल लावून स्लो करून बघा.

कॉलेजात मोठी मशिनं नाहीत. प्रोजेक्ट काय करू?

मशीन नसतानाचे तीन सांगते, सगळे करून झालेत. एक, फळमाश्या. नवी पेठेतनं पिकलेली केळी आणा, बाटलीत ठेवा, माश्या आपोआप येतात. खाद्य म्हणून रवा, गूळ, अगर आणि यीस्ट, थोडक्यात शिराच. २५ अंशाला दहा-बारा दिवसांत पिढी, म्हणजे एका सेमिस्टरमध्ये आठ-नऊ पिढ्या. आमच्या एका बॅचचा एप्रिलमध्ये पूर्ण सत्यानाश झाला, दोन दिवस लाइट गेली, इन्क्युबेटर बंद, बाहेर ४२, आतलं तर भट्टीच. तिशीच्या पुढं गेलं तरी या माश्यांचे नर वांझ होतात, चाळीसला तर विषयच संपला. पोरींनी रडून घेतलं आणि मग रिपोर्टमध्ये तेच लिहिलं, मला तो रिपोर्ट सगळ्यात आवडला. तेव्हापासून आम्ही जुलैलाच सुरू करतो.

दोन, गांधीलमाश्या. कॉलेजच्या खिडकीवर कागदी पोळं असतंच, शिपाईमामा जाळायच्या आत गाठा. यातल्या एका जातीवर बेंगळुरूत राघवेंद्र गदगकरांनी कित्येक दशकं काम केलंय. त्या जातीची राणी दादागिरी करत नाही, गरीब गाय असते, आणि राणी काढली की कामकऱ्यांतली एकच अचानक आक्रमक होते, ती पुढची राणी. माश्यांना रंगाचे ठिपके लावून नुसतं बसून बघायचं. लांबून बसा, चावली की मला फोन करू नका.

तीन, लॅपटॉपवरचं. जेनबँकेत जगभरचे डीएनए सीक्वेन्स फुकट आहेत. माळढोक, तणमोर, कोंबडी, मोर यांचा एकच जीन उतरवा, मेगा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, वंशावळ काढा. एका दुपारचं काम, समजायला मात्र महिना.

पुढं कुठल्या परीक्षा?

बीएस्सीनंतर जॅम, म्हणजे एमएस्सीसाठीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, त्यातनं आयआयएस्सीच्या इंटिग्रेटेड पीएचडीचा रस्ता आहे. गेट नावाच्या दुसऱ्या प्रवेश परीक्षेत इकॉलॉजी अँड इव्होल्युशन असा स्वतंत्र पेपरच आहे, ईवाय कोड, आपल्याकडं फार कुणाला माहिती नसतो. वन्यजीवांचीच आवड असेल तर एनसीबीएसची एमएस्सी आणि डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेची. एमएस्सीनंतर नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि पीएचडी फेलोशिपची परीक्षा, त्यात लाइफ सायन्सेसच्या तेरा युनिटांतलं अकरावं उत्क्रांती आणि वर्तन, आणि बहुतेक क्लासवाले ते "ऑप्शनला टाका" म्हणतात. टाकू नका, पार्ट सीचे चार मार्कांचे प्रश्न विचार करून सुटतात, पाठांतर लागत नाही.

पैसे मिळतात का पण?

खरं सांगते. नेटमधनं जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर महिना ३७,००० रुपये, २०२३ पासून. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. त्यानंतर कायमची नोकरी मिळेलच असं नाही, माझ्याकडंच बघा, नेट-सेट होऊन सीएचबी. पण डेटा हाताळता येणारी पोरं बियाणं कंपन्या, डायग्नोस्टिक लॅब, बायोइन्फॉर्मेटिक्समध्ये लागलीत. घरात कमावणारं दुसरं कुणी नसेल तर बीएस्सीबरोबर बीएडचा किंवा स्पर्धा परीक्षेचा दरवाजा उघडा ठेवा, मी कुणाला खोटी स्वप्नं विकत नाही.

मुलीला एकटीला पुण्या-बेंगळुरूला पाठवू का? (पालकांचा प्रश्न)

पाठवा. पुण्याला जायची असेल तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून आधी एक दिवस तिच्याबरोबर जाऊन या, हॉस्टेल बघा, मेसचं जेवण खा. शेंगाचटणीचा डबा द्या, तिकडं मिळते ती गोड असते.

मॅडम, माळावर तुमच्याबरोबर येता येईल का?

एप्रिल-मेमध्ये रविवारी सकाळी जातो, अभयारण्याच्या बाहेरच्या माळावर, आत जायला वनखात्याची परवानगी लागते. साडेसहाला सात रस्त्याला या. टोपी, दोन लिटर पाणी, वही. सरडा धरायचा नाही, फोटो लांबून.